निकाल न लागलेले आयुष्य

आजारासंबंधीचे जे शिष्टाचार आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या घडवून ठेवले आहेत ते दोन अवस्थांपुरते अगदी परिपूर्ण आहेत. मनुष्य अंथरुणास खिळला की डबा पाठवावा, पाळीपाळीने रुग्णालयात बसावे, मोसंबी घेऊन भेटावयास जावे, रक्त लागेल तर चार तरुण पोरे गोळा करावी, हे कोणी कोणास शिकवावे लागत नाही. आणि तो बरा होऊन हिंडू-फिरू लागला की पेढे वाटावे, सत्यनारायण घालावा, नवस फेडावा, हेही सर्वांस ठाऊक असते. मृत्यूचे तर तेराव्यापर्यंत सारे आखलेले आहे. परंतु जो पुरता आजारी नाही आणि पुरता बराही नाही, ज्याचा रोग एकदा गेला, पुन्हा उलटला, पुन्हा दबला, आणि आता तो शरीरात कोठे दडी मारून बसला आहे की खरोखरच गेला आहे हे डॉक्टरही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाहीत, अशा माणसासाठी व त्याच्या घरच्यांसाठी आपल्याकडे ना विधी आहे, ना रीत, ना सरकारी दप्तरात एखादा रकाना. ही तिसरी अवस्था म्हणजे आजारातून आरोग्याकडे जाताना लागणारा घटकाभराचा मुक्काम नसून पुष्कळांच्या बाबतीत वर्षानुवर्षे चालणारी स्वतंत्र स्थिती आहे, आणि तिच्याकडे उठल्या-बसल्या निकाल मागण्याची सवय आप्तांनी, शेजाऱ्यांनी आणि सरकारनेही सोडली पाहिजे, एवढेच मला येथे मांडावयाचे आहे.

वैद्यकाच्या इतिहासात ही अवस्था तशी अलीकडची आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या, तेव्हा त्या रोगास काही महिने तरी भरवशाने थोपवून धरील असे औषध जगात कोठेही नव्हते. दोराबजीही पुढच्याच वर्षी गेले, आणि त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला जे रुग्णालय उघडले त्याच्याही हाती मुख्यतः शस्त्र आणि किरण ही दोनच साधने होती. गाठ कापून निघाली किंवा जळून गेली तर रोगी सुटला, नाही तर गेला, असा तो रोखठोक हिशेब होता. १९४८ च्या जून महिन्यात बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या तीव्र कर्करोगाने मरणपंथाला लागलेल्या मुलांवरील उपचारांची हकीकत प्रसिद्ध केली, आणि हा हिशेब प्रथमच बिघडला. त्यांनी वापरलेले ॲमिनोप्टेरिन हे औषध ज्या संशोधनशाळेत तयार झाले तिची सूत्रे आंध्रातील भीमावरमच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाती होती, ही गोष्ट आपल्याकडे जितक्यांना ठाऊक असावयास हवी तितक्यांना ती नाही. औषधाने त्यांपैकी काही मुलांचे रक्त सुधारले, ती उठून बसू लागली. आणि पुढे आठवड्यांनी अथवा महिन्यांनी रोग परत आला. फार्बर यांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकातच हा उतार तात्पुरता असल्याचे सांगून टाकले होते. नव्या औषधांनी माणसाला प्रथम बरे केले नाही. प्रथम त्यांनी मधला काळ निर्माण केला.

तो मधला काळ आज आठवड्यांचा उरलेला नाही. मुलांच्या ज्या रक्तकर्करोगात फार्बर यांना महिने मिळाले त्यातून आता, नीट उपचार मिळाले तर, बहुसंख्य मुले कायमची सुटतात. वृषणाच्या कर्करोगासारखे काही प्रकार पसरल्यानंतरही पुष्कळदा पूर्ण बरे होतात. माझा विषय ते भाग्यवंत नव्हेत. माझा विषय आहे तो ज्या कर्करोगांत उतार पडणे हे नित्याचे आणि उलटणे हेही नित्याचे, अशांचा. आणि त्यांपैकी एक मी आमच्याच घरात जवळून पाहत आलो आहे.

आमच्या थोरल्या वहिनी मिरजेला असतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत हयात घालवून त्या निवृत्त झाल्या आणि पुढे पोट फुगू लागले, दोन घास खाल्ले की भरल्यासारखे वाटू लागले, तेव्हा आपल्याकडील बायका करतात तेच त्यांनी केले, म्हणजे ओवा खाल्ला आणि गॅसची गोळी घेतली. अंडाशयाचा कर्करोग बहुधा असाच येतो, पोटाच्या साध्या तक्रारीचा वेश घेऊन. आणि ओळखला जातो तेव्हा बहुतेकदा तिसरी पायरी ओलांडीत असतो. शस्त्रक्रिया झाली, केमोच्या सायकली झाल्या, केस गेले आणि परत आले, रिपोर्ट चांगला आला. पुढे आजार उलटला. पुन्हा सायकली, पुन्हा उतार, पुन्हा उलटणे. सध्या उतार आहे. ‘सध्या’ हे क्रियाविशेषण आमच्या घरातील प्रत्येक वाक्यास आता आपोआप चिकटते.

या रोगाच्या वैद्यकात एक नियम आहे, तो सामान्य वाचकास ठाऊक असण्याचे कारण नाही, पण त्यात मोठे शहाणपण आहे असे मला वाटते. प्लॅटिनम धातूपासून केलेल्या औषधांवर याची सारी भिस्त असते. शेवटच्या मात्रेनंतर रोग सहा महिन्यांच्या आत परतला तर ते औषध त्याला पुन्हा जुमानायला लावील ही आशा थोडी. सहा महिन्यांहून अधिक काळाने परतला तर तेच औषध पुन्हा लागू पडण्याचा संभव बराच, आणि मधला काळ जितका लांब तितका हा संभव मोठा. म्हणजे दोन आजारांच्या मधील ज्या दिवसांस आपण केवळ प्रतीक्षेचे दिवस समजतो ते वैद्याच्या दृष्टीने रिकामे नसतात. पुढचा उपचार कोणता, हे त्यांच्या लांबीवरून ठरते. वैद्य ज्या काळाला इतके वजन देतो त्याला आपण मात्र काळ म्हणावयासच तयार नसतो, हा विरोधाभास मला बोचतो.

कारण बाहेरचे जग विचारते ते एकच: ‘आता पूर्ण बऱ्या झाल्या ना?’ विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. त्याला एका शब्दात सुटका हवी असते. दादा उत्तर देतात, ‘हो, रिपोर्ट नॉर्मल आहे’, आणि वहिनी उत्तर देतात, ‘आज बरं आहे’. दोन्ही उत्तरे खरी असतात, परंतु विचारणारा पहिले उत्तर घेऊन समाधानाने जातो आणि दुसरे ऐकले की त्याचा चेहरा पडतो, जणू वहिनींनी काही अमंगळ उच्चारले. मग सकारात्मक राहण्याचा उपदेश होतो. गव्हांकुराचा रस सुचविला जातो. कोणी तरी त्यांना लढवय्या म्हणते. या युद्धाच्या भाषेचा मला मनापासून तिटकारा आहे: जी बाई लढली म्हणून पहिल्यांदा रोग हटला तीच तितक्याच धैर्याने औषधे घेत असता दुसऱ्यांदा रोग उलटतो, तेव्हा ती कोठे कमी पडली, याचे उत्तर या शूर भाषेजवळ नसते, आणि ते नसल्यामुळे दोष मुकाट्याने रोग्याच्याच पदरी टाकला जातो.

याहून सूक्ष्म असा एक अन्याय आहे. वहिनी गावातील एका वाचनालयाच्या कार्यकारिणीवर होत्या. पहिल्या आजारात त्यांनी रजा घेतली ती योग्यच होती. पण उतार पडून त्या नेहमीप्रमाणे भाजी आणावयास बाजारात जाऊ लागल्या तरी कार्यकारिणीच्या नव्या यादीत त्यांचे नाव आले नाही. विचारता उत्तर मिळाले, ‘तुम्हाला उगाच त्रास नको, आधी पूर्ण बऱ्या व्हा.’ पूर्ण बरे होण्याची ही अट ज्याला कधीच पुरी करता येणार नाही असे ठाऊक आहे त्याच्यावर ती घालणे म्हणजे दयेच्या नावाखाली त्याला हयातीतच बरखास्त करणे होय.

निकालाची ही भूक भागविण्यासाठी आपण पाच वर्षांची एक मुदतही ठरवून टाकली आहे. पाच वर्षे काढली की सुटलो, असे घरोघर बोलले जाते. वस्तुतः पाच वर्षे हे आकडेशास्त्राच्या सोयीचे परिमाण आहे; निरनिराळ्या रुग्णालयांचे आणि देशांचे हिशेब एकमेकांशी ताडून पाहता यावेत म्हणून कोठे तरी रेघ ओढणे भाग होते, ती तेथे ओढली गेली. काही कर्करोगांत त्या रेघेपलीकडे खरोखर धोका फारच थोडा उरतो. परंतु संप्रेरकांवर पोसणाऱ्या स्तनकर्करोगाविषयी २०१७ साली ६२,९२३ स्त्रियांच्या माहितीवरून जो मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला त्यात असे दिसले की, पाच वर्षे गोळ्या घेऊन त्या काळात रोगमुक्त राहिलेल्या स्त्रियांतही पुढची पंधरा वर्षे रोग दूरच्या अवयवांत परतण्याचे प्रमाण वर्षागणिक थोडे थोडे वाढतच राहते. मूळ गाठ लहान आणि काखेतील ग्रंथी निर्दोष असतील त्यांच्यात ते १३ टक्के, तर ज्यांची गाठ मोठी होती आणि काखेतील अनेक ग्रंथींत रोग पोचला होता त्यांच्यात ४१ टक्के. आकडे भीती घालण्यासाठी दिले नाहीत. उलट ज्या दहांत जवळजवळ नऊ जणींचा रोग दूर कोठे परतला नाही त्याही त्यातच आहेत. सांगावयाचे इतकेच की, निसर्गाने अशी एखादी तारीख नेमून दिलेली नाही. खटला निकालात निघालेला नसतो, तहकूब झालेला असतो, आणि तहकुबीतही वादी-प्रतिवादींना घरेदारे, लेकरेबाळे आणि पोट असतेच.

आता ज्या गोष्टीवरून आमच्या घरात खरा कलह झाला तिच्याकडे वळतो. दादा साखर कारखान्याच्या लेखा विभागात होते. अंडाशयाच्या कर्करोगात रक्तातील सी.ए. १२५ नावाचा एक पदार्थ बहुधा वाढतो. ३५ पर्यंत तो सर्वसाधारण समजतात. या मार्करच्या आकड्यांचा दादांनी एक खतावणीवजा तक्ता केला होता, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या तपासण्यांच्या दरम्यानही ते परस्पर रक्त द्यावयास लावीत. आकडा १२ वरून १६ वर गेला की घरात जेवणे थंड होत, जरी या चढउताराला काडीचाही अर्थ नाही असे डॉक्टर सांगत. अखेर एके दिवशी वहिनी म्हणाल्या, ‘मला काही झालं तर मला कळेल हो. तुम्ही माझ्याकडे बघा, त्या कागदाकडे नको.’ त्यांनी अधलीमधली तपासणी बंद केली. दादांना तो आत्मघात वाटला.

गंमत अशी की, या गृहकलहात वैद्यकशास्त्राचे प्रमाण वहिनींच्या बाजूस होते. २०१० साली गॉर्डन रस्टिन आणि त्यांचे सहकारी यांनी युरोपातील एका मोठ्या प्रयोगाचा निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. उतार पडलेल्या १,४४२ स्त्रियांचे रक्त नियमाने तपासले जाई, परंतु आकडा त्यांना अथवा त्यांच्या डॉक्टरांना कळविला जात नसे. आकडा मर्यादेच्या दुपटीवर गेला अशा ५२९ जणींची चिठ्ठ्या टाकावी तशी दोन गटांत विभागणी केली: एका गटास वाढ कळवून ताबडतोब केमो सुरू केली, दुसऱ्या गटास काहीच न कळविता प्रत्यक्ष त्रास सुरू होईपर्यंत थांबले. पहिल्या गटाची औषधे जवळजवळ पाच महिने आधी सुरू झाली. आयुष्य मात्र वाढले नाही. एका गटात ते मध्यमानाने २५.७ महिने भरले, दुसऱ्यात २७.१. आणि लवकर औषध घेणाऱ्यांची प्रकृतीची घडी लवकर विस्कटली. म्हणजे आधी कळल्याने मिळाले ते पाच महिन्यांचे अधिक औषध आणि अधिक चिंता.

हा निष्कर्ष सर्व कर्करोगांस लावणे मूर्खपणाचे होईल, हे मी मुद्दाम सांगतो. वृषणाच्या कर्करोगात रक्तातील असेच मार्कर वेळेवर पाहिल्यामुळे प्राण वाचतात. रक्ताच्या चिवट कर्करोगात इमॅटिनिबसारख्या गोळीवर असलेल्या रोग्याची रेणवीय चाचणी चुकविणे धोक्याचे. अंडाशयाच्या बाबतीतही गोष्ट मिटलेली नाही, कारण रोग परतल्यावर पुन्हा शस्त्रक्रिया करावी काय या प्रश्नावर २०१९ च्या एका प्रयोगाने नकार दिला आणि २०२१ च्या दुसऱ्याने, नीट निवडलेल्या रोगिणींपुरता, होकार. आणि शस्त्रक्रियेचा लाभ खरा असेल तर लवकर कळण्यालाही पुन्हा अर्थ येतो. तज्ज्ञांत जेथे मतभेद आहेत तेथे निवाडा देणारा मी कोण? परंतु एवढे मी निश्चित म्हणेन की, किती जाणून घ्यावयाचे आणि केव्हा, हे ठरविण्याचा पहिला हक्क ज्याच्या शरीराचा प्रश्न आहे त्याचा. आप्तांच्या काळजीने तो हक्क आपल्याकडे परस्पर ओढून घेऊ नये. डॉक्टरांशी मसलत करून वहिनींनी घेतलेला निर्णय दादांना हळूहळू मान्य झाला. तक्ता त्यांनी फाडला नाही. तो कपाटात आहे.

निकालाचा हाच पेच देवाच्या दारीही येऊन उभा राहिला. आमच्या आईने पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळी नवस बोलला होता, सून बरी झाली की तुळजापूरला भवानीची ओटी भरीन. आता बरी झाली हे कोणत्या दिवशी धरावयाचे? उतार पडला तेव्हा आईला वाटले, थोडे थांबावे, नक्की होऊ दे. मग आजार उलटला, आणि नवस राहिल्यामुळेच उलटला की काय ही शंका तिला पोखरू लागली. वहिनींनी तो गुंता एका वाक्यात सोडविला. ‘आई, बरी झाल्याचा दाखला कोण देणार? आत्ता पायऱ्या चढता-उतरता येताहेत, तर आत्ताच जाऊन येऊ.’ जाऊन आल्या. धर्मशास्त्राने यावर काय म्हटले असते मला ठाऊक नाही. पण अनिश्चितपणाला वळसा न घालता त्याच्या पोटातून वाट काढण्याची ही बुद्धी मला पुष्कळ ग्रंथांत आढळली नाही.

उन्हाळ्यातील बेगमीचेही तसेच. आमच्याकडे वर्षाची चटणी कुटून ठेवतात, पापड-कुरडया करतात, म्हणजे घरातील गृहिणी एप्रिल महिन्यात पुढच्या एप्रिलपर्यंतचा विचार करून मोकळी होते. वहिनींच्या पहिल्या आजारानंतरच्या उन्हाळ्यात मिरच्या किती आणाव्या हे विचारण्याचे धैर्य कोणास होईना. त्यांनी नेहमीइतक्याच आणविल्या. पुढच्या वर्षी मात्र निम्म्याच, तेव्हा शेजारच्या बायकांनी त्यात अशुभ वाचले. वस्तुस्थिती ही होती की केमोने हाताच्या बोटांना मुंग्या येत आणि चटणी कुटून घेणारी गिरणी लांब पडे. रोग्याच्या प्रत्येक साध्या व्यावहारिक निर्णयात आपण भविष्यवाणी शोधतो, आणि मग तो मनमोकळे निर्णय घेणेच सोडून देतो.

शुश्रूषा करणाऱ्यांविषयी थोडे. एकदा रात्री उशिरा, मिरजेच्या फलाटावर मुंबईला जाणाऱ्या महालक्ष्मी एक्स्प्रेसची वाट पाहत असता दादा माझ्याजवळ म्हणाले, ‘एकदाचं काय ते होऊ दे रे.’ आणि लगेच असे दचकले की जणू ते वाक्य दुसऱ्या कोणी त्यांच्या तोंडून बोलले. त्या वाक्यात पत्नीच्या मरणाची इच्छा नव्हती, तसूभरही नव्हती. वर्षानुवर्षे प्रत्येक खोकल्याला कान देऊन, पाठ दुखते म्हणताच मनात नकाशे मांडून थकलेल्या मनाची ती तक्रार होती. जिवलगाचा आजार सांभाळणाऱ्या पुष्कळांच्या मनात हा विचार येऊन जातो असा माझा कयास आहे, आणि तो आला म्हणून जे स्वतःस पापी समजतात त्यांना कोणी तरी समोर बसवून ऐकून घेणे हेही उपचाराचेच अंग मानले पाहिजे. कॅनडात अध्यापन केलेले समाजशास्त्रज्ञ आर्थर फ्रँक, जे स्वतः चाळिशीच्या उंबरठ्यावर हृदयविकार आणि कर्करोग या दोहोंतून गेले, त्यांनी १९९५ साली अशा उतारातील माणसांचा एक अदृश्य समाजच असल्याची कल्पना मांडली होती. त्या समाजात मी रोग्याच्या घरच्यांनाही धरीन.

वेदनाशामक सेवेबद्दलचा गैरसमज येथेच निस्तरलेला बरा. वांद्र्याला १९८६ साली शांती अवेदना सदन निघाले, ती या देशातील पहिली अशी संस्था. तिचे काम आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातील रोग्यांचे, आणि ते थोरच आहे. परंतु त्यामुळे ‘पॅलिएटिव्ह’ हा शब्द डॉक्टरांच्या तोंडून निघताच घरचे लोक, आता काही उरले नाही, असाच अर्थ घेतात. वास्तविक बोस्टनमध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रोग्यांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असे दिसले की, निदानापासूनच ही सेवा ज्यांना मिळाली ते अधिक समाधानाने जगले इतकेच नव्हे, तर थोडे अधिक जगले: मध्यमानाने ८.९ ऐवजी ११.६ महिने. रोग दबलेला असतानाही बधिर झालेल्या बोटांसाठी, उडालेल्या झोपेसाठी आणि दादांच्या त्या वाक्यासाठी जाण्याजोगे ठिकाण असले पाहिजे, आणि ते शेवटचे ठिकाण नव्हे हे नावानिशी सांगितले गेले पाहिजे.

आता सरकारविषयी. आपल्या राज्यकारभारात या तिसऱ्या अवस्थेची जाण कोठेच नाही असे म्हणता येणार नाही, आणि ती आढळते ती अनपेक्षित जागी, रेल्वेच्या सवलतींच्या नियमांत. कर्करोगाच्या रोग्यास केवळ उपचारासाठीच नव्हे तर नियतकालिक तपासणीसाठीही प्रवासात सवलत आहे. शयनयानात व वातानुकूलित तिसऱ्या वर्गात त्याला संपूर्ण माफी आणि एका सोबत्यास ७५ टक्के. ज्या कोण्या कारकुनाने तो मसुदा लिहिताना ‘तपासणी’ हा शब्द घातला, आणि सोबत्याचीही आठवण ठेवली, त्याला या विषयातील मर्म कळले होते. इतर खात्यांत असा कारकून झाला नाही. माझा पुतण्या पुण्यास एका खाजगी कंपनीत आहे. आईला तपासणीस नेण्यासाठी त्याने अधूनमधून रजा मागितली, तेव्हा वरिष्ठांनी विचारले, आई किती दिवसांत बऱ्या होतील तसा डॉक्टरांचा दाखला जोडा. कोणता डॉक्टर असा दाखला देईल? लागोपाठ महिनाभराची रजा समजू शकणारी व्यवस्था तीन तीन महिन्यांनी लागणाऱ्या दोन दोन दिवसांपुढे गोंधळून जाते.

विम्याची कथा याहून बिकट. पूर्वीपासून असलेल्या आजारासाठी जी प्रतीक्षेची कमाल मुदत होती ती विमा नियामकाने २०२४ साली चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणली, हे चांगले झाले. फ्रान्सने आणखी पुढची मजल मारली आहे: तेथे २०१६ च्या कायद्याने, उपचार संपून दहा वर्षे उलटल्यावर कर्ज-विम्याच्या अर्जात जुना कर्करोग सांगण्याचे बंधन राहिले नाही, आणि २०२२ मध्ये ही मुदत पाच वर्षांवर आणली. असा कायदा येथे जरूर यावा. परंतु त्यातही उपचार संपण्याची अट आहेच. ज्याचे उपचार थांबतात आणि पुन्हा सुरू होतात त्याला तो कोठला लागू पडणार? त्याच्यासाठी वेगळीच तजवीज लागेल, आणि ती बहुधा विमा कंपन्यांच्या मर्जीवर न सोडता सरकारी योजनांतूनच करावी लागेल.

सर्वांत निकडीची आणि सर्वांत सोपी गोष्ट मात्र वेगळी आहे. जिल्हा रुग्णालयांत दिवसभराची कर्करोग केंद्रे उघडण्याची घोषणा २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. तीन वर्षांत सर्व जिल्हे, आणि पहिल्या वर्षी २०० केंद्रे, असा संकल्प सांगितला गेला. केमोची बाटली घराजवळ लागावी हा त्यामागील हेतू उत्तम आहे. परंतु ज्याला आज केमो चालू नाही, ज्याच्या पोटात गेले आठ दिवस काही तरी टोचते आहे आणि ते अपचन आहे की आजार उलटला आहे हे ज्याला कळत नाही, त्याने या केंद्रात कोणापाशी जावे? सध्या त्याला परळ किंवा पुणे गाठावे लागते, रात्रीची गाडी धरून, धर्मशाळेत किंवा दादरच्या नातेवाइकाकडे पथारी टाकून, आणि पुष्कळदा ते अपचनच असते. जिल्ह्याच्या केंद्रात मूळ रुग्णालयाशी बोलू शकणारी एक जाणती परिचारिका असावी, आठवड्यातून एक वार केवळ उतारातील रोग्यांसाठी राखलेला असावा, त्या दिवशी सोबत्यालाही खुर्ची आणि पाच मिनिटे मिळावीत, आणि केस पेपरावर ‘चालू उपचार’ आणि ‘उपचार समाप्त’ यांच्या जोडीला ‘देखरेखीखाली’ असा तिसरा रकाना असावा. याला नवे यंत्र लागत नाही. जेथे ही केंद्रे अजून उघडावयाची आहेत तेथील नमुने छापखान्यात जाण्यापूर्वी आरोग्य खात्याने एवढी दुरुस्ती करून घ्यावी. एकदा छापले गेले की ते संपेपर्यंत वापरण्याचाच आपल्याकडे शिरस्ता आहे.